बिजागरी

झुझुनाने लॅपटॉप आणला पावाच्या फडक्यात गुंडाळून.
टेबलावर ठेवला, म्हणाली, "तेओना, याचा डोळा लवतोय.
आठवडा झाला. आधी फक्त रात्री लवायचा."

रात्री ती बुद्धिबळ खेळते ब्राझीलमधल्या कुणाशी तरी.
नाव ठाऊक नाही, नावाच्या जागी एक पोपट.
परवा ऐन डावात पडदा लुकलुकला,
थांबला, तेव्हा हिचा उंट पटावर नव्हता.
"नेला त्याने माझ्या डोळ्यांदेखत.
म्हणजे, देखतही नाही."

मी रीतसर सुरुवात केली.
ड्रायव्हर काढला, जुना घातला, परत नवा घातला.
सेकंदाला साठदा उजळणारा पडदा
अठ्ठेचाळिसावर आणला;
तो अठ्ठेचाळिसातही अडखळला.
बॅटरी काढून पाहिली, चार्जर काढून पाहिला,
शेजारच्या खाटकाचा फ्रीज दहा मिनिटं बंद करवला
(त्याचं काही कारण नव्हतं, पण दुपार झाली होती
आणि माझी अक्कल संपत आली होती).
शेवटी दुसरा मॉनिटर जोडला.
त्यावर चित्र असं स्थिर
की भिंतीवर खिळा ठोकून टांगावं.
म्हणजे मेंदू शाबूत होता.
दुखणं वाटेत होतं कुठेतरी.

झुझुना स्टुलावर बसून बघत होती,
जशी एकोणतीस वर्षं बसली
चियातुराच्या दरीवर लोंबणाऱ्या लोखंडी डब्यात,
मँगनीजने काळे झालेले पुरुष
पहाटे वर नेत, संध्याकाळी खाली आणत.
खाली क्विरिला नदी, तीही काळी.

"सरक," म्हणाली.
खिडकी लावली, खाटकाला गप्प केलं,
लॅपटॉपचं झाकण कानाशी धरून
हळू उघडलं, हळू मिटलं,
मूल झोपलंय की सोंग करतंय
हे बघावं तसं.
एका जागी पडदा चमकला. तिथेच थांबली.
पुन्हा मागे. पुन्हा तिथेच.

"तार मधे कधी तुटत नाही गं," ती म्हणाली,
"जिथे वाकते तिथे तुटते.
आम्ही दर सोमवारी दोरावरून सुती चिंधी फिरवायचो.
दोर वरून नवराच्या घोड्यासारखा चकचकीत,
पण एक जरी तार आतून मोडली असली
तर चिंधीचा धागा अडकायचा.
त्या दिवशी डबा हलायचा नाही.
वरचे वर, खालचे खाली. शिव्या मला."

मी बिजागरीचे स्क्रू काढले, सहा,
सातवा गंजलेला.
आत केसांएवढ्या तारांची एक चपटी वेणी
लोखंडाच्या दातात सापडून सोललेली.
चिंधी फिरवायला जागा नव्हती.
नख फिरवलं.
नख अडकलं.

नवी केबल कुताइसीहून येणार, गुरुवारी,
मिनीबसच्या ड्रायव्हरच्या खिशातून.
तोवर पिवळी टेप लावून दिली, आणि सांगितलं,
झाकण एवढंच उघडायचं, याहून जास्त नाही, मिटायचं तर मुळीच नाही.
ती तसाच अर्धा उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून निघाली,
भरल्या ताटासारखा,
पायऱ्या मोजत, एकशे चाळीस,
कारण तिच्या मोहल्ल्याचा जुना रोपवे कधीचाच बंद आहे.

गुरुवारी केबल बसवली.
पडदा आता हूं की चूं करत नाही.
शनिवारी ती आली, अक्रोड घेऊन, तोंड पाडून.

"हरले," म्हणाली. "लख्ख उजेडात हरले.
आता सांग, दोष कुणाला देऊ?"

आणि मग, दारातून परत वळून,
"ती जुनी तार टाकलीस का?
टाकली नसशील तर दे.
बघायचंय किती मोडल्या होत्या,
आणि किती जणींवर चाललं होतं सगळं."